एका वाफ्यात एक तंबू

पालकसभेत हात वर करायचा नसतो, हे कुंडलिक साबळ्याला ठाऊक होतं. पंधरा वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला दुसरं काही कळत नसलं तरी एवढं कळतंच. हात वर केला की काम येतं आणि आलेलं काम परत जात नाही. माणसाची बदली होते, कामाची होत नाही.

तरीही त्या जुलैतल्या शनिवारी, बारामतीतल्या शाळेच्या सातवीच्या वर्गात, पोरांच्या बाकात गुडघे कोंबून बसलेल्या कुंडलिकचा हात वर गेला.

त्याचं असं झालं. हेडमास्तर म्हणाले, "आपल्या स्काऊटच्या सरांची संस्थेनं बदली केली. नवीन सर येईपर्यंत पथक बंद ठेवावं लागेल. नाहीतर कुणी पालकानं पुढं यावं. दर शनिवारी दोन तास. कुणी लहानपणी स्काऊटमध्ये होतं का?"

एक पालक छताच्या पंख्याकडं बघू लागले. पंखा बंद होता, तरी त्यांनी तो फार कुतूहलानं बघितला. दुसऱ्यांना खोकला आला. तिसरे पेन शोधू लागले, ते त्यांच्या खिशालाच होतं.

कुंडलिकनंही पंख्याकडं बघायला मान वर केली आणि वाटेत खिडकी आली. खिडकीच्या गजांना पाच-सहा पोरं लटकली होती. त्यांत त्याचा बुद्धघोष होता. बुद्धघोष बारा वर्षांचा. अलीकडं तो बापाकडं घरातल्या कपाटाकडं बघावं तसं बघायचा. कपाट असतं, उपयोगाचं असतं, पण मुद्दाम त्याच्याकडं कुणी बघत नाही. आता मात्र तो बघत होता.

"मी होतो," कुंडलिक म्हणाला.

हे खोटं होतं. वडगाव निंबाळकरच्या शाळेत कुंडलिक सहावीत असताना पथकात चोवीस मुलं होती, गणवेष चोवीस होते आणि कुंडलिक पंचविसावा होता. त्यानं स्काऊटचं सगळं शिक्षण कुंपणाच्या भिंतीवर बसून बघितलं होतं. एकदा पथक नदीवर पोहायला गेलं तेव्हा काठावर त्यांच्या चपला राखल्या होत्या. चपला राखायचं काम त्यानं चोख केलं होतं, एकही हरवली नव्हती. पण याला कुणी स्काऊट म्हणत नाही.

हेडमास्तरांनी टाळी वाजवली. पंख्याकडं बघणाऱ्या पालकांनी सगळ्यांत जोरात वाजवली.

गणवेष शिवून आला तो दिवस घरात गाजला. खाकी शर्ट, खाकी हाफपँट, गळ्यात स्कार्फ. आरशात बघून कुंडलिकला स्वतःबद्दल काही वाटायच्या आत बायको स्वयंपाकघरातून आली.

अंजली बालवाडीत शिकवायची. माणसाकडं वरपासून खालपर्यंत बघून त्याला कोणत्या रांगेत बसवायचं हे तिला एका नजरेत कळायचं. तिची नजर खाली गुडघ्यांपाशी थांबली.

"आमच्या घरच्यांनी सगळी चौकशी केली होती," ती म्हणाली. "पगार विचारला, शिक्षण विचारलं. गुडघे तेवढे बघायचे राहिले."

कुंडलिकची आई पुतळाबाई दारात लसूण सोलत होती. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"आरं, होमगार्डात गेलास व्हय रं?"

"न्हाय गं आई. स्काऊट. लहान पोरांचं असतंय."

"मग तू कशाला चाललास?"

या प्रश्नाचं उत्तर कुंडलिकला पुढचे सहा महिने सापडलं नाही.

शनिवार सुरू झाले. पुण्याच्या फूटपाथवरून त्यानं स्काऊटचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो एक पान वाचायचा आणि शनिवारी सकाळी तेच पान तीस वर्षांच्या अनुभवातून आल्यासारखं शिकवायचा. पोरांच्या तो बरोबर एक पान पुढं असायचा. एखाद्यानं पुढच्या पानावरचं विचारलं की म्हणायचा, "ते पुढच्या शनिवारी. स्काऊट घाई करत नाही."

पुस्तकात स्काऊटचे नियम मोजकेच होते. दिवाळीपर्यंत कुंडलिकच्या पथकात त्यांत तिनांची भर पडली. स्काऊट घाई करत नाही. स्काऊट मास्तरांना मधेच विचारत नाही. स्काऊट मास्तरांच्या पुस्तकात डोकावत नाही.

आणि पोरगं बदललं. बुद्धघोष गरुड संघाचा संघनायक झाला. रस्त्यानं बापाच्या शेजारून चालू लागला. आधी तो दहा पावलं मागं असायचा. जेवताना विचारायचा, "पप्पा, तुमच्या वेळी तंबू कसले होते?" कुंडलिक सांगायचा. कापडाचा रंग, खुंट्या, वारा, सगळं. भिंतीवरून चांगलं दिसायचं.

मग एका शनिवारी कुंडलिक शाळेच्या टाकीवर पाणी पीत होता. टाकीच्या पलीकडून पोराचा आवाज आला.

"आमच्या पप्पांना राष्ट्रपतींनी बॅज दिलाय. राष्ट्रपती स्काऊट आहेत ते. सांगत नाहीत फक्त."

असं कुंडलिक कधीच म्हणाला नव्हता. दोन पावलं पुढं टाकून "न्हाय रं बाळांनो" म्हणायचं, एवढंच काम होतं. कुंडलिक आणखी एक ग्लास पाणी प्यायला. मग आणखी एक. तहान अजिबात नव्हती.

त्या रात्री जेवताना पोरानं बॅज मागितला.

"पुरात गेला," कुंडलिक म्हणाला.

"कुठल्या पुरात?"

"नीरेच्या."

आणि आश्चर्य म्हणजे त्या बॅजबद्दल त्याला खरोखर वाईट वाटलं. हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला. अंजलीनं ताटातून मान वर केली, नवऱ्याकडं बघितलं, "आणखी एक भाकरी वाढू का?" म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तिला सगळं कळलं होतं.

जानेवारीत हेडमास्तरांनी बोलावून पत्र दाखवलं. पथकाचं दोन दिवसांचं शिबिर बघायला जिल्ह्याचे आयुक्त येणार होते. वय बाहत्तर. स्काऊटमध्ये पन्नास वर्षं काढलेली. "पुणे जिल्ह्यातला एकूण एक जुना स्काऊट त्यांना नावानिशी ठाऊक आहे," हेडमास्तर कौतुकानं म्हणाले.

बुद्धघोष घरात नाचला. "पप्पा, मग ते तुम्हाला ओळखतीलच!"

"ओळखतील," कुंडलिक म्हणाला. पोलीस पाटलानं चोराला ओळखावं तसे ओळखतील, असं त्याला वाटलं. शिबिर बिघडलं तर बिघडू दे, आयुक्त रागावले तर रागावू देत. त्याला एकच गोष्ट सांभाळायची होती. पोराची बापाकडं बघायची ती नजर. ती सहा महिन्यांपूर्वी नव्हती आणि गेली तर परत येईल असं काही वाटत नव्हतं.

शिबिरासाठी जागा मात्र आपण होऊन चालत आली. कुंडलिक कालव्याच्या कचेरीत कारकून होता. पाळीपत्रक लिहायचं काम त्याच्याकडं. कालव्यातून फुटणाऱ्या कोणत्या चारीला कोणत्या दिवशी, कोणत्या शेताला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी, हे सगळं तो कार्बन लावून लिहायचा. खाली साहेब सही करायचे. अक्षर मोत्यासारखं. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी बारामतीपासून इंदापुरापर्यंत कुंडलिकच्या अक्षराबरहुकूम चालायचं.

ते चालताना मात्र त्यानं कधी बघितलं नव्हतं. वडगावला साबळ्यांना जमीन नव्हती, त्यामुळं लहानपणी रानात पाणी फिरवायची वेळ आली नाही. नोकरीत थेट टेबल मिळालं. शेत म्हणजे त्याच्या लेखी गट नंबर, आणि पाणी म्हणजे एक रकाना.

निरवांगीच्या छबूबाई दर हंगामात पाण्याचा अर्ज घेऊन कचेरीत यायच्या. साठीच्या पुढची बाई, एकटीच्या हिमतीवर सहा एकर बागायत करणारी. शिबिराचं ऐकून म्हणाल्या, "या की पोरं घिऊन. हिरीच्या वरच्या अंगाला माझं माळरान मोकळं पडलंय. लिंबाची सावली हाय. हिरीचं पानी हाय. मी बुधवारी नरसिंहपूरला लेकीकडं जाणार हाय, पर बेस्तरवारी सकाळी येती. तुमी खुशाल ऱ्हावा."

बुधवारी दुपारी टेम्पो निरवांगीला पोचला. बावीस पोरं, सहा तंबू, दोन पातेली आणि पुढच्या सीटवर हाफपँटमध्ये कुंडलिक. विहिरीच्या वरच्या अंगाला लिंबाची झाडं होती खरी. पण माळावर दगड-गोटे होते, कुसळं होती, आणि जमीन एका अंगाला कललेली. आयुक्त साहेब असल्या जागेवर तंबू बघून काय म्हणतील?

मग त्याची नजर विहिरीच्या खालच्या अंगाला गेली.

तिथं रान आरशासारखं पडलं होतं. नांगरलेलं, कुळवलेलं, सपाट केलेलं. मऊ माती, खडा म्हणून नाही. आणि त्यात सारख्या मापाचे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी वीतभर उंच बांध. जणू कुणी जाणत्या स्काऊट मास्तरानं तंबूंसाठी आखून ठेवलं होतं. पुस्तकात एक चित्र होतं, 'आदर्श शिबिराची मांडणी'. हुबेहूब तेच.

"इथं लावायचे तंबू," कुंडलिक म्हणाला. "एका वाफ्यात एक तंबू."

गेणू नावाचं एक पोरगं होतं, शेतकऱ्याच्या घरातलं. ते म्हणालं, "सर, पण ह्ये रान तर..."

"गेणू, नियम काय आहे?"

"स्काऊट मास्तरांना मधेच विचारत नाही, सर."

"शाबास."

तंबू लागले. एका रांगेत सहा. खुंट्या मऊ मातीत अशा गेल्या की पोरांना हातोडी लागली नाही. कुंडलिकनं लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. एका रेषेत. त्याला वाटलं, आपण खरंच स्काऊटमध्ये असतो तर काय झालं असतं! त्या रात्री त्याला सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

सकाळी पावणेआठला आयुक्तांची जीप आली. उंच, वाळकं, ताठ म्हातारं. पांढऱ्या मिशा, गणवेषाला कडक इस्त्री. त्यांनी स्काऊटच्या रीतीनं डावा हात पुढं केला. कुंडलिकनं उजवा पुढं केला, मग डावा केला, तोपर्यंत त्यांनी शिष्टाचार म्हणून उजवा केला होता. शेवटी दोघांनी नमस्कार केला.

ध्वज चढला, प्रार्थना झाली. आयुक्त तंबूंच्या रांगेसमोरून चालत गेले. बुद्धघोष संघनायक म्हणून त्यांच्या मागं आणि त्याची छाती त्याच्याही पुढं.

"रांग फार सुंदर आहे," आयुक्त म्हणाले. "अशी सपाट जागा मला क्वचित बघायला मिळाली. निवड कुणाची?"

"माझी," कुंडलिक म्हणाला.

तेवढ्यात पाणी आलं.

पाणी येतं म्हणजे धबधब्यासारखं येतं अशी कुंडलिकची समजूत होती. तसं काही झालं नाही. चारीकडून, पाटातून, एक फेसाळ जीभ हळूच पुढं सरकली. तिच्यापुढं मुंग्या आणि किडे जीव घेऊन पळत होते, तिच्यावर काडीकचरा तरंगत होता, आणि मागं चार बगळे नाष्ट्याला निघाल्यासारखे शिस्तीत चालत होते. पहिल्या वाफ्याचं तोंड मोकळंच होतं. पाणी आत शिरलं आणि पहिल्या तंबूत गेलं. थोड्या वेळानं त्या तंबूच्या दारातून एक बूट बाहेर आला. मग त्याचा जोडीदार.

पाटाच्या कडेनं खांद्यावर फावडं टाकून एक माणूस येत होता. सोनबा पाटकरी. कालव्याची दारं उघडायची, चारीला पाणी सोडायचं हे त्याचं काम. कुंडलिकला बघून त्याचा चेहरा फुलला.

"जयभीम साबळेसाहेब! तुमी हितं? पाळी बगायला आला व्हय? बगा मग. आठ म्हंजी आठ! तुमच्या कागदापरमानं. छबूबायचं रान, बेस्तरवार, आठ ते दोन. एक मिनिट इकडं न्हाय का तिकडं न्हाय."

कुंडलिकच्या डोळ्यांपुढं तो कागद आला. गट नंबर, वार, वेळ. वळणदार आठ. गेल्या सोमवारी लिहिताना त्यानं त्या आठाकडं स्वतःच दोनदा बघितलं होतं, इतका तो चांगला आला होता. पंधरा वर्षांत त्याच्या टेबलावर पाणी उशिरा आल्याच्या हजारो तक्रारी आल्या होत्या. पाणी वेळेवर आल्याची पहिली तक्रार आज त्याच्याच घशात अडकली होती.

"बंद कर सोनबा," तो म्हणाला. "दार बंद कर. तंबू हायत."

"करतो की," सोनबा म्हणाला. "चिठ्ठी द्या. चिठ्ठीबिगर दार पाडलं तर माझी नोकरी जाईल."

"साहेब बारामतीला हायत. सही कोण करणार?"

"सही कोण बगतंय? अक्षर तुमचंच असतंय. तुमचं अक्षर दिसलं की मी दार पाडतो, उचलतो. लिवा."

दुसऱ्या वाफ्यात पाणी वळलं. पोरं ओरडू लागली. कुंडलिकनं खिशातून पेन काढलं, वहीचं पान फाडलं. बुद्धघोष बघत होता. आयुक्तही बघत होते. दोन ओळी लिहायच्या होत्या. दोन ओळींत कालवा थांबवणारा बाप. राष्ट्रपती स्काऊटच्या वरचा मान.

"लिवू नगा, साहेब!"

बांधावरून छबूबाई येत होत्या. काखेत पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. तंबूंकडं बघून त्यांनी कपाळावर हात मारला नाही. पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"वरच्या अंगाला म्हनलं हुतं मी. ह्ये रान भुईमुगाला बांधलंय, भिजवायला! एवढं बांध घातल्यालं दिसलं न्हाईत तुमास्नी?"

"दिसले," कुंडलिक म्हणाला. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

काय वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"बंद करा दार," छबूबाई म्हणाल्या. "करा की. तुमच्या हातात हाय. मग माझी पाळी परत कवा? ती बी सांगा."

ते कुंडलिकला पाठ होतं. चोवीस दिवसांनी. तोपर्यंत भुईमुगाच्या पेरणीचे दिवस गेलेले असणार. कचेरीत हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला मान वर न करता ऐकवायचा, "आता पुढच्या पाळीत बघू." समोर उभं राहून, चिखलात पाय ठेवून ते वाक्य तोंडातून निघेना.

त्यानं पेन खिशाला लावलं.

"चालू दे सोनबा," तो म्हणाला. मग पोरांकडं वळून ओरडला, "तंबू उचला! सगळं वर लिंबाखाली!"

पुढच्या अर्ध्या तासात पोरांनी जे केलं ते पुस्तकाच्या कुठल्याही पानावर नव्हतं. गेणूनं कुणाला न विचारता सोनबाचं फावडं घेतलं आणि तिसऱ्या वाफ्याचं तोंड मातीनं बुजवून पाणी पहिल्या दोन वाफ्यांतच खेळवत ठेवलं, तोवर बाकीच्यांनी उरलेले चार तंबू कोरडे काढले. भिजलेली अंथरुणं लिंबाच्या फांद्यांवर गेली. आयुक्तांनी बूट काढले, विजार वर दुमडली आणि एका पातेल्यात तरंगणारे टूथब्रश गोळा केले. कुंडलिकनं एक खुंटी उपटली. ती मोडली.

सगळं वर आल्यावर आयुक्त एका दगडावर बसून पाय पुसू लागले. पोरं भोवती गोळा झाली.

"साबळे, तुम्ही कालव्याच्या कचेरीत आहात तर?"

"हो."

"पाण्याचं वेळापत्रक कोण लिहितं?"

"मी."

"आजचं?"

"मीच."

म्हाताऱ्यानं मान हलवली. रागानं नाही. एखादा दुर्मीळ पक्षी बघितल्यासारखी.

"हेडमास्तर म्हणाले, तुम्ही वडगाव निंबाळकरच्या पथकातले. म्हणजे कोकरे गुरुजींचे विद्यार्थी. गुरुजी माझे जिवलग मित्र. गेले बिचारे. शिबिराच्या जागेच्या बाबतीत त्यांच्यासारखा काटेकोर माणूस जिल्ह्यात नव्हता. आधी पाणी कुठून येतं ते बघा, मग तंबू ठोका, हे त्यांचं वाक्य." त्यांनी दुसरा पाय पुसायला घेतला. "गुरुजींनी तुम्हाला हे शिकवलंच नाही? मला खरं वाटत नाही. म्हातारपणी ढिले पडले होते की काय?"

कुंडलिकला कोकरे गुरुजी दिसले. एकदा ते भिंतीपाशी आले होते. "पुढच्या साली तुझ्यासाठी गणवेष बघतो, साबळे," म्हणाले होते. त्यांनी बघितलाही असता. पुढच्या साली साबळ्यानं शाळाच बदलली होती.

आता फक्त "हो, ढिले पडले होते" म्हणायचं. गुरुजी काही ऐकायला येणार नव्हते. पोराची नजर शाबूत राहिली असती. ते कुंडलिकच्या डोक्यात आलं, हे त्यानं पुढं बायकोलाही कबूल केलं.

"गुरुजींनी सगळं शिकवलं, साहेब," तो म्हणाला. "पथकातल्या मुलांना. मी पथकात नव्हतो. कधीच नव्हतो. मी कुंपणावर बसून बघायचो. एकदा चपला राखल्यात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"आणि तो राष्ट्रपतींचा बॅज?" एका पोरानं विचारलं.

"नव्हताच," कुंडलिक म्हणाला. "पूर आला होता, तेवढं खरं आहे."

बुद्धघोषचे कान लाल झाले. तो वळला आणि खालच्या रानाकडं चालू लागला.

आयुक्तांनी बूट घातले. "पथकाचा नेता व्हायला आधी स्काऊटची पहिली, प्रवेशाची परीक्षा लागते," ते कोरड्या आवाजात म्हणाले. "ती तुम्ही दिलेली नाही. द्या. मग बघू." कान पकडावा की पाठ थोपटावी, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं, असं कुंडलिकला वाटलं. त्यांनी शेवटी खिशातून ओला टूथब्रश काढून त्याच्या हातात दिला. "हा कुणाचा आहे ते विचारा."

खाली छबूबाई पाणी फिरवत होत्या. पथकातली पाच-सहा गावाकडची पोरं फावडी मागून त्यांच्या हाताखाली लागली होती. बुद्धघोष शहरातला, त्याला काही येत नव्हतं. तो एका वाफ्याच्या कोपऱ्यात नुसता उभा होता. कुंडलिक गेला आणि शेजारच्या कोपऱ्यात नुसता उभा राहिला. त्यालाही येत नव्हतं.

"ए दोघं साबळं!" छबूबाई ओरडल्या. "बांध फुटला न्हवं तुमच्या पायाखाली! माती टाका!"

दोघं गुडघ्यावर बसले आणि हातांनी चिखल ओढून भोक बुजवू लागले. बापानं टाकलेली माती वाहून गेली. पोरानं टाकलेलीही गेली. मग दोघांनी एकदम टाकली, ती राहिली.

"मी सगळ्यांना सांगितलं होतं," पोरगं वर न बघता म्हणालं.

"मी ऐकलं होतं. टाकीच्या मागं होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"पाणी पीत होतो."

पोरगं हसलं नाही. "आता मी त्यांना काय सांगू?"

कुंडलिकनं विचार केला. कचेरीत प्रत्येक प्रश्नाला एक तयार उत्तर असायचं.

"मला न्हाय माहीत," तो म्हणाला.

दुपारी दोनला रान भिजलं. सोनबानं दार पाडलं. परतीच्या टेम्पोत बुद्धघोष मागं पोरांत बसला, आणि बारामती येईपर्यंत त्याचा आवाज एकदाही पुढं आला नाही.

घरी सगळं ऐकून पुतळाबाई म्हणाली, "पोरान्ला भिजवलंस?" अंजलीनं हाफपँट धुतली. चिखल निघाला, खाकी थोडी निघाली.

हेडमास्तरांनी पथक तात्पुरतं पी.टी.च्या सरांकडं दिलं. कुंडलिकनं स्कार्फ घडी करून परत केला. आयुक्तांचं पत्र आलं होतं, त्यात एक ओळ होती, 'श्री. साबळे यांना इच्छा असल्यास प्रवेशासाठी मुलांबरोबर सरावास बसू द्यावे.' इच्छा आहे का, असं हेडमास्तरांनी विचारलं. घरी पोरगं दहा दिवस "हं" आणि "नाही" यापलीकडं बोललं नव्हतं. बापाकडं बघायचं तर त्यानं सोडूनच दिलं होतं. कपाटाकडं तरी कधी उघडायला बघतात.

"आहे," कुंडलिक म्हणाला.

शनिवारी तो मैदानावर गेला तेव्हा पथक रांगेत उभं होतं. पी.टी.चे सर सावलीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हातानंच सांगितलं, तिकडं, गरुड संघात. त्या संघात जागा होती म्हणे. कुंडलिक रांगेच्या शेवटी, पाचवीतल्या एका चिमुरड्या पोराच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. पोटामुळं रांग तिथं थोडी पुढं आली.

संघनायक वही घेऊन पुढं आला आणि हजेरी घेऊ लागला. तो एकेक नाव आणि आडनाव खणखणीत आवाजात घेत होता. शेवटचं नाव सरांनी कालच वहीत लिहिलं होतं. तिथं तो थांबला.

रांगेत खसखस पिकली. सगळ्यांना कळलं होतं अडचण काय आहे ती. वडिलांचं नाव कोणी असं त्यांच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, ओरडून घेतं का? आमच्याकडं तरी घेत नाहीत. बुद्धघोषनं तोंड उघडलं, मिटलं. कान पुन्हा लाल झाले. गेणूनं हळूच सुचवलं, "नाव दी सोडून."

सोडून दे म्हणावं असं कुंडलिकला वाटलं. पण रांगेत बोलायचं नसतं.

संघनायकानं वहीतून मान वर केली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यानं रांगेच्या त्या टोकाकडं नीट बघितलं.

"आणि आमचे वडील," तो म्हणाला.

"हजर," कुंडलिक म्हणाला.

पोरानं वहीत खूण केली. मग पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला, "पाच मिनिटं उशीर झालाय तुम्हाला. पुढच्या शनिवारी वेळेवर या."